बुरोंडीच्या शेडमध्ये ब्रॉयलरची खनिजे : आधी मोजा, मग मिसळा

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. बुरोंडी, लाडघर, कोळथरे, हर्णै या दापोलीच्या किनाऱ्यावर ताज्या मासळीची टोपली दिसेनाशी झाली की कोंबडीची मागणी वाढते. घरामागे शंभर-दोनशे ब्रॉयलर वाढवणाऱ्याला आपली बॅच नेमकी तेव्हा तयार हवी असते. पण ती वाढते मे महिन्यात. त्या दिवसांत उकाडा असतो, हवा दमट असते आणि विहिरीने तळ गाठलेला असतो. तिसऱ्या आठवड्यात काही पक्षी लंगडतात, काही बसूनच राहतात, लिटर (शेडमधले तुसाचे अंथरूण) ओले होते. मग औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली येते, पाठोपाठ ‘मिनरल टॉनिक’ येते, आणि दोन्ही अंदाजाने पाण्यात पडतात.

यातला अंदाज काढून टाकायचा आहे. खनिजांची कमतरता पक्ष्याला जितकी मारक, तितकीच त्यांची अतिरिक्त मात्राही मारक असते. म्हणून खालच्या कृतीत आधी पाणी आणि खाद्य यांतून काय मिळते ते मोजायचे आणि जे कमी पडते तेवढेच घालायचे, असा क्रम ठेवला आहे.

खनिजे लागतात कशाला?

अंड्यातून निघालेले ब्रॉयलरचे पिल्लू ४० ते ४५ ग्रॅमचे असते. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या आसपास जाते. एवढे वजन पेलणारी हाडे तेवढ्याच दिवसांत तयार व्हावी लागतात. मका आणि सोयाबीन पेंड यांतून ऊर्जा आणि प्रथिने मिळतात, कॅल्शियम मात्र फारसे मिळत नाही. ५५ किलो मक्यात ते सुमारे ११ ग्रॅम असते. सुरुवातीच्या १०० किलो खाद्यात ते १ किलो असावे लागते. फॉस्फरस धान्यात असतो, पण त्याचा मोठा भाग फायटेट या रूपात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो पुरता पचवता येत नाही.

हाडांसाठी कॅल्शियम व फॉस्फरस, शरीरातल्या पाण्याच्या समतोलासाठी सोडियम, क्लोरीन व पोटॅशियम, सांधे नीट घडण्यासाठी मँगेनीज, कातडी, पिसे व तळव्यांसाठी झिंक, रक्तासाठी लोह व तांबे, पेशींच्या रक्षणासाठी सेलेनियम आणि थायरॉइड ग्रंथीसाठी आयोडीन, अशी ही कामांची वाटणी आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली ठरवलेल्या गरजा आजही तळरेषा म्हणून वापरल्या जातात. पहिल्या तीन आठवड्यांत खाद्यात कॅल्शियम १ टक्का, उपलब्ध फॉस्फरस ०.४५ टक्के आणि सोडियम ०.२० टक्के हवे. तीन ते सहा आठवड्यांत हे आकडे ०.९०, ०.३५ आणि ०.१५ टक्के होतात. एक किलो खाद्यात लोह ८० मिलिग्रॅम, मँगेनीज ६०, झिंक ४०, तांबे ८, आयोडीन ०.३५ आणि सेलेनियम ०.१५ मिलिग्रॅम लागते.

ही कृती कोणी करावी?

स्वतः मका-पेंड आणून खाद्य बनवणाऱ्यांनी ही कृती करावी. करार पद्धतीने पक्षी वाढवत असाल, किंवा तयार प्री-स्टार्टर, स्टार्टर आणि फिनिशर विकत घेत असाल, तर त्या खाद्यात खनिजे आधीच घातलेली असतात. त्यावर शिंपल्याची पूड, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) किंवा मीठ काहीही टाकू नका. तुमच्यासाठी फक्त पायरी १, ६, ७, ८ आणि ९ आहेत.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे लेयर खाद्य ब्रॉयलरच्या पिल्लांना कधीही देऊ नका. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. एवढे कॅल्शियम वाढत्या पिल्लाची मूत्रपिंडे खराब करते आणि अवयवांवर खडूसारखा पांढरा थर साचून पक्षी मरतो.

साहित्य (१०० पक्ष्यांची एक बॅच)

एका पक्ष्याला विक्रीपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य लागते. म्हणजे १०० पक्ष्यांना सुमारे ११० किलो स्टार्टर आणि २४० किलो फिनिशर.

- मका, सोयाबीन पेंड, खाद्यतेल
- डीसीपी, पशुखाद्याच्या दर्जाचे
- शिंपल्याची पूड किंवा पशुखाद्याच्या दर्जाची चुनखडीची पूड
- साधे मीठ आणि खाण्याचा सोडा
- ब्रॉयलरचे ट्रेस मिनरल (सूक्ष्म खनिजांचे) मिश्रण
- व्हिटॅमिन मिश्रण, कोलीन आणि मिथिओनिन
- ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आणि किलोचा काटा
- ताडपत्री, फावडे, चाळण, नाकाला बांधायला फडके
- वही

पायरी १ : पाणी तपासा

पिल्ले येण्याच्या महिनाभर आधी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस), सोडियम, क्लोराइड, लोह, सामू आणि जिवाणू एवढ्या गोष्टी तपासून मागा.

किनाऱ्याजवळच्या विहिरीत उन्हाळ्याच्या शेवटी मचूळपणा चढतो आणि पावसात तो उतरतो. म्हणून मे महिन्यातला आणि ऑगस्टमधला अहवाल वेगवेगळा येईल. एका अहवालावर वर्ष काढू नका. वर जांभ्याच्या सड्यावरचे पाणी सहसा मृदू असते आणि काही ठिकाणी त्यात लोह उतरते. भांड्याला लालसर थर धरत असेल, तर निपलच्या नळ्या वेळोवेळी धुवाव्या लागतील.

टीडीएस लिटरला १००० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर पाणी चांगले. १००० ते ३००० च्या दरम्यान पक्षी पातळ विष्ठा टाकू लागतात. ३००० च्या वर ते पाणी कोंबड्यांना देऊ नये. पावसाळ्यात साठवलेले किंवा नळपाणी योजनेचे पाणी वापरावे.

आता सोडियमचा हिशेब करा. पक्षी जितके खाद्य खातो, त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो. समजा, तुमच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे. एक किलो खाद्यामागे पक्षी दोन लिटर पाणी पिईल आणि त्याच्या पोटात १००० मिलिग्रॅम, म्हणजे खाद्याच्या ०.१० टक्के सोडियम केवळ पाण्यातून जाईल. सुरुवातीच्या गरजेचा निम्मा भाग तिथेच भागला. अशा पाण्यावर खाद्यात नेहमीइतके मीठ घातले, की पक्षी अधिक पाणी पितो, लिटर चिखल होते, अमोनिया उठतो आणि तळवे फुटतात. उन्हाळ्यात तर पाणी दुपटीच्याही वर पितात. म्हणून मीठ ठरवण्याआधी हा आकडा हातात हवा.

पायरी २ : शिंपल्याची पूड तयार करा

चुनखडी बाहेरून आणावी लागते, पण कालवांची आणि तिसऱ्यांची कवचे बुरोंडीत घरोघरी पडून असतात. ही कवचे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची असतात. स्वच्छ पुडीत ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम मिळते.

स्वयंपाकघरातून निघालेलीच कवचे घ्या. होड्यांचे तेल आणि रंग सांडतो तिथली नको. मांस व वाळू काढून ती गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, म्हणजे मीठ निघून जाईल. वीस मिनिटे उकळा आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. नंतर कुटून किंवा पल्व्हरायझरमधून काढून चाळा. पूड बारीक रव्याइतकी असावी. कुटताना नाका-तोंडाला फडके बांधा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

वाळू किती राहिली ते घरच्या घरी कळते. १० ग्रॅम पूड अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येऊन कवच विरघळते. रात्रभर ठेवा, मधूनमधून ढवळा. सकाळी फडक्यातून गाळा, खाली राहिलेला गाळ वाळवा आणि तोला. १ ग्रॅम गाळ राहिला, तर पूड ९० टक्के शुद्ध आहे आणि तिच्यात कॅल्शियम सुमारे ३६ टक्के आहे. गाळ २ ग्रॅमच्या वर गेला, तर कवचे पुन्हा धुऊन नवी पूड करा.

भाजलेला किंवा विरवलेला चुना, म्हणजे भिंतीला लावतात तो, खाद्यात चालत नाही. तो तीव्र अल्कधर्मी असतो आणि आतून भाजतो. डोलोमाइटची पूडही नको. त्यातल्या मॅग्नेशियमने पक्ष्याला हगवण लागते.

पायरी ३ : खनिज मिश्रणाची पिशवी वाचा

मँगेनीज, झिंक, सेलेनियम हे सुटे आणून घरी मिसळू नका. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे आहे. तयार मिश्रणच घ्या, पण त्याच्यावरचे आकडे वाचून घ्या.

उदाहरण म्हणून एक पिशवी घेऊ. तिच्यावर ‘एक टन खाद्याला १ किलो’ आणि ‘प्रतिकिलो मँगेनीज ६० ग्रॅम’ असे छापलेले आहे. म्हणजे १०० किलो खाद्याला १०० ग्रॅम मिश्रण लागेल आणि त्यातून ६ ग्रॅम मँगेनीज मिळेल. ६ ग्रॅम भागिले १०० किलो म्हणजे किलोला ६० मिलिग्रॅम. गरज पूर्ण झाली. झिंक, तांबे, सेलेनियम यांचाही असाच गुणाकार करा. ‘ब्रॉयलर’ असे स्पष्ट लिहिलेलेच मिश्रण घ्या. गाई-म्हशींचे मिनरल मिक्श्चर स्वस्त पडते, पण त्यातली प्रमाणे जनावरांच्या गरजेची असतात.

पायरी ४ : प्रमाण ठरवा

स्टार्टर, १ ते २१ दिवस (१०० किलो)

- मका ५५ किलो
- सोयाबीन पेंड ३८ किलो
- तेल ३ किलो
- डीसीपी १ किलो ८०० ग्रॅम
- शिंपल्याची पूड १ किलो २०० ग्रॅम
- मीठ ३०० ग्रॅम
- खाण्याचा सोडा २५० ग्रॅम
- मिथिओनिन २५० ग्रॅम
- ट्रेस मिनरल मिश्रण १०० ग्रॅम
- व्हिटॅमिन मिश्रण आणि कोलीन मिळून १०० ग्रॅम

फिनिशर, २२ दिवस ते विक्री (१०० किलो)

- मका ६२ किलो
- सोयाबीन पेंड ३०.५ किलो
- तेल ४ किलो
- डीसीपी १ किलो ३०० ग्रॅम
- शिंपल्याची पूड १ किलो ३०० ग्रॅम
- मीठ २५० ग्रॅम
- खाण्याचा सोडा २०० ग्रॅम
- मिथिओनिन, ट्रेस मिनरल, व्हिटॅमिन व कोलीन वरच्याप्रमाणे

ट्रेस मिनरल आणि व्हिटॅमिनची अंतिम मात्रा पिशवीवरच्या सूचनेप्रमाणे घ्या.

स्टार्टरमधला कॅल्शियमचा हिशेब असा : डीसीपीतून (२३ टक्के) ४१४ ग्रॅम, शिंपल्यातून (३८ टक्के) ४५६ ग्रॅम, पेंडीतून ११४ आणि मक्यातून ११. एकूण ९९५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १ टक्का. उपलब्ध फॉस्फरस : डीसीपीतून (१८ टक्के) ३२४ ग्रॅम, पेंडीतून ८४, मक्यातून ४४. एकूण ४५२ ग्रॅम. तुमची पूड ३६ टक्क्यांची निघाली, तर १२०० ग्रॅमऐवजी १२७० ग्रॅम घ्या.

पाण्यातून सोडियम येत असेल, तर ते वजा करा. १०० ग्रॅम सोडियम म्हणजे साधारण २५० ग्रॅम मीठ. वरच्या उदाहरणातल्या पाण्यावर आधी सोडा काढून टाका आणि मग अहवालातला क्लोराइडचा आकडा दाखवून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने मीठ कमी करा. सुकी मासळी किंवा सुकटाचा चुरा घालण्याचा मोह किनाऱ्यावर होतोच. त्यात मीठ, वाळू, कॅल्शियम आणि फॉस्फरस सगळेच असते आणि प्रत्येक लॉटमध्ये वेगळे असते. तपासणी केल्याशिवाय ती घालू नका.

पायरी ५ : मिसळा

१०० ग्रॅम मिश्रण थेट १०० किलोवर शिंपडले, तर एका पक्ष्याला चिमूटभर आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे होते. टप्प्याने जा.

१. ट्रेस मिनरल १ किलो मक्याच्या पिठात नीट कालवा.
२. त्यात डीसीपी, शिंपल्याची पूड, मीठ आणि सोडा घालून ढिगारा तीनदा उलटा.
३. हे सगळे १० किलो भरडलेल्या मक्यात मिसळा.
४. व्हिटॅमिन, कोलीन आणि मिथिओनिन वेगळ्या २ किलो पिठात कालवा. तांबे आणि लोह यांच्या सहवासात व्हिटॅमिन लवकर खराब होतात, म्हणून त्यांची गाठ शेवटीच घाला.
५. उरलेला मका व पेंड ताडपत्रीवर पसरा, त्यावर दोन्ही मिश्रणे टाका आणि फावड्याने किमान पाच वेळा ढीग इकडून तिकडे करा.
६. शेवटी तेल थोडे-थोडे शिंपडून पुन्हा मिसळा. तेलाने धूळ बसते आणि जड पूड तळाशी जात नाही.

एका वेळी दोन आठवड्यांपुरतेच खाद्य बनवा. आपल्याकडच्या दमट हवेत मिश्रणाचे गोळे होतात आणि मक्याला बुरशी धरते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. पावसाळ्यात ओलसर मका घेऊच नका.

पायरी ६ : खाद्य बदलताना

स्टार्टरवरून फिनिशरवर तीन दिवसांत या. पहिल्या दिवशी एक भाग नवे आणि तीन भाग जुने, दुसऱ्या दिवशी निम्मे-निम्मे, तिसऱ्या दिवशी तीन भाग नवे आणि एक भाग जुने. फीडर पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबून मग भरत चला, म्हणजे तळाशी बसलेली पूडही खाल्ली जाईल.

पायरी ७ : रोज शेडमधून चाला

पक्षी काय दाखवतात ते खाली दिले आहे. लक्षण दिसले, तरी बाटली आणण्याआधी खाद्याचा हिशेब आणि पाण्याचा अहवाल पुन्हा पाहा.

- हाडे मऊ, चोच रबरासारखी वाकते, पक्षी घोट्यावर बसतो : कॅल्शियम, फॉस्फरस किंवा व्हिटॅमिन डी-३ यांची कमतरता, किंवा त्यांचे प्रमाण बिघडलेले.
- घोट्याचा सांधा सुजलेला, शीर घसरून पाय बाजूला वळलेला : मँगेनीजची कमतरता असू शकते.
- पिसे विस्कटलेली, तळव्यांना भेगा : झिंक कमी किंवा लिटर ओले. आधी लिटर पाहा.
- छाती-पोटाखाली निळसर-हिरवट पाणी साचणे : सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई.
- खूप पाणी पिणे, पातळ विष्ठा : मीठ जास्त किंवा पाणी मचूळ.
- तुरा फिका : लोह किंवा तांबे कमी, किंवा रक्ती हगवण. विष्ठा तपासून घ्या.

दुसऱ्या लक्षणामागचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९३०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी पाय वळण्याचा हा विकार मँगेनीजने टळतो, हे दाखवले. कॅल्शियम आणि फॉस्फेट गरजेपेक्षा जास्त दिले, की आतड्यात मँगेनीजचे शोषण घटते, हेही पुढे दिसून आले. म्हणजे लंगडणाऱ्या पक्ष्याला आणखी कॅल्शियम पाजणे हा कधीकधी दुखणे वाढवण्याचाच मार्ग ठरतो.

एकाएकी बरेच पक्षी मेले, तर ते कापून पाहू नका आणि विकूही नका. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

पायरी ८ : उकाड्यात

कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून उष्णता घालवते. त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि मूत्रावाटे क्षारही जातात. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये कडक दिवशी सकाळी दहापासून चारपर्यंत पाण्यात इलेक्ट्रोलाइट द्या. मात्रा पाकिटावरचीच. संध्याकाळी साधे पाणी. मचूळ पाण्यात इलेक्ट्रोलाइट घालू नका. अशा वेळी सावली, उघड्या जाळ्या, छपरावर झावळ्या आणि थंड पाणी यांचाच जास्त उपयोग होतो.

लिटर मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर लिटर ओले आहे. तूस उलटा, ओला भाग काढा, नवा घाला.

पायरी ९ : तुलना करा आणि लिहून ठेवा

नवे मिश्रण किंवा नवे टॉनिक घ्यावेसे वाटले, तर पुऱ्या बॅचला देऊ नका. एकाच दिवशी आलेल्या पिल्लांचे दोन समान भाग जाळीने वेगळे करा. बाकी सगळे सारखे ठेवून एकाच भागाला नवी वस्तू द्या. दर आठवड्याला दोन्ही भागांतून दहा-दहा पक्षी हाती येतील तसे उचलून तोला. एकूण खाद्य, मर आणि लंगडे पक्षी लिहा. विक्रीला एकूण खाद्य भागिले एकूण वजन करा. ३४० किलो खाद्यात २०० किलो वजन मिळाले, तर एफसीआर (खाद्याचे वजनाशी गुणोत्तर) १.७ झाला. पन्नास पक्ष्यांत थोडा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून दोन-तीन बॅचमध्ये तोच फरक दिसला, तरच त्या वस्तूवर पैसे घाला.

दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या कृषी महाविद्यालयातल्या पशुसंवर्धनाच्या जाणकारांकडे ही वही आणि पाण्याचा अहवाल घेऊन जा. नुसते ‘पक्षी लंगडतात’ असे सांगितले, तर त्यांनाही अंदाजच करावा लागतो. आकडे समोर ठेवले, की नेमके काय कमी आणि काय जास्त ते सांगता येते.

आणखी एक हिशेब बॅच विकल्यावर उरतो. पक्ष्याला न लागलेला फॉस्फरस, झिंक आणि तांबे विष्ठेतून लिटरमध्ये उतरतात. ते लिटर आपण माड, पोफळी आणि हापूसच्या आळ्यात घालतो. दर वर्षी गरजेपेक्षा जास्त खनिज विकत घेणारा माणूस ते आधी पक्ष्याच्या मूत्रपिंडावर, मग आपल्या बागेच्या मातीवर आणि तिच्यातून पाझरून स्वतःच्याच विहिरीजवळ नेऊन टाकत असतो. म्हणून पुढच्या बॅचची पिल्ले सांगण्याआधी वहीतले मागचे पान काढा, पाण्याचा नवा अहवाल घ्या आणि डीसीपी, शिंपले व मीठ यांची वजने त्यावरून पुन्हा ठरवा.